धुरावरचा कर कोणी भरायचा?

ज्याने घाण केली त्याने ती साफ करावी, निदान साफसफाईचा खर्च तरी द्यावा, या नियमाला कोणी उघड विरोध करील असे वाटत नाही. पर्यावरण कराची मूळ कल्पना याहून फार वेगळी नाही. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० साली 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथात ती सविस्तर मांडली. कारखानदाराच्या वहीत कच्चा माल, मजुरी, भाडे हा सगळा खर्च चढतो. पण चिमणीच्या धुराने शेजाऱ्याचे जे नुकसान होते ते त्या वहीत कुठेच चढत नाही. सरकारने कर लावून ते चढवावे आणि ज्याच्या कामाने दुसऱ्याचे भले होते त्याला अनुदान द्यावे, असा हा विचार आहे. आम्हीही या कराच्या बाजूचेच आहोत, हे आधीच सांगून टाकतो. परंतु घाण करणारा नेमका कोण, आणि त्याच्या नावाने लावलेला कर शेवटी कोणाच्या खिशातून जातो, हे दोन प्रश्न वाटतात तितके सोपे नाहीत. ज्या उद्योगात कामगारांच्या मोठ्या युनियन आहेत तेथे तर ते अधिकच अवघड होतात.

आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात राहतो आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. या जिल्ह्यात धुराबद्दल बोलायचे तर पुस्तक उघडावे लागत नाही, खिडकी उघडली तरी पुरे. २९२० मेगावॅटचे महाऔष्णिक वीज केंद्र, वेकोलिच्या कोळसा खाणी, सिमेंटचे कारखाने, हे सगळे एकाच जिल्ह्यात आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली, तेव्हा अतिप्रदूषितांच्या यादीत चंद्रपूर चौथे आले होते. येथे वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांना संध्याकाळपर्यंत राखाडी रंग येतो आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

आता धूर करणारा कोण ते पाहू. कोळसा काढणारा खाणकामगार? तो भट्टीत टाकणारे वीज केंद्र? की त्या विजेवर पंखा लावून हा मजकूर वाचणारे आपण सगळे? उत्तर एकच निघत नाही आणि येथेच घोळ सुरू होतो. बोट ज्याच्याकडे सहज वळते तो मात्र खाणीतला माणूस असतो. कारण त्याचे हात काळे दिसतात, आपले दिसत नाहीत.

आपल्या देशात कोळशावर पर्यावरणाच्या नावाने कर लागला तो १ जुलै २०१० पासून. 'स्वच्छ ऊर्जा उपकर' असे त्याचे नाव होते आणि दर टनामागे ५० रुपये असा दर होता. २०१४ साली तो १०० रुपये झाला, २०१५ साली २०० आणि २०१६ साली ४००. सहा वर्षांत आठपट! या पैशातून 'राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी' उभा राहायचा होता आणि त्यातून सौर, पवन अशा स्वच्छ ऊर्जेला मदत व्हायची होती. म्हणजे कोळशावर कर आणि सूर्यावर अनुदान. कागदावर याहून नेटकी योजना सापडणार नाही.

आठवीच्या वर्गात समप्रमाण शिकवताना आम्ही हे उदाहरण फळ्यावर घातले होते. एक युनिट वीज तयार करायला ढोबळ मानाने पाऊण किलोहून थोडा कमी, समजा दोनतृतीयांश किलो, कोळसा लागतो. टनाला ४०० रुपये म्हणजे किलोला ४० पैसे. तर युनिटला किती? मुलांनी सत्तावीस पैसे असे उत्तर काढले. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराला साधारण सत्तावीस रुपये. एका मुलाचे वडील खाणीत कंत्राटदाराकडे टिपर चालवतात. त्याने विचारले, "सर, मग अब्बांच्या पगारातून किती कापतात?" काहीच कापत नाहीत, असे आम्ही सांगितले. उत्तर नियमाला धरून बरोबर होते. पण गणित तेथे संपत नाही, हे आम्हाला ठाऊक होते आणि आठवीच्या तासात ते पुढे नेण्याची सोय नव्हती. ते येथे नेतो.

कर ज्याच्या नावावर लागतो तोच तो भरतो असे नाही. शंभर रुपयांचा बोजा उद्योगाच्या दारात टाकला की तीन हात पुढे येतात. मालकाचा, कामगाराचा आणि गिऱ्हाइकाचा. प्रत्येकजण तो बोजा दुसऱ्याकडे ढकलू पाहतो. मालक म्हणतो भाव वाढवतो, गिऱ्हाईक म्हणते दुसरीकडून घेतो, कामगार म्हणतो पगाराला हात लावू देणार नाही. ज्याला ढकलण्याचे बळ कमी त्याच्या अंगावर बोजा येतो. युनियन म्हणजे दुसरे काय? ढकलण्याचे बळच ते. कोळसा उद्योगात हे बळ मोठे आहे. १९७१ ते १९७३ या काळात खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि तेव्हापासून केंद्रीय कामगार संघटना व कोळसा कंपन्या एका टेबलावर बसून राष्ट्रीय वेतन करार करतात. २०२३ च्या मे महिन्यात झालेल्या अकराव्या करारात कायम कामगारांना किमान १९ टक्के वाढ मिळाली. ती मिळाली याचे आम्हाला मुळीच दुःख नाही. जमिनीखाली उतरणाऱ्या माणसाला जितके मिळेल तितके थोडेच.

तर या बळामुळे कोळशावरचा उपकर कायम कामगाराच्या पगाराला लागला नाही. कंपनीनेही तो आपल्या नफ्यातून दिला नाही. तो कोळशाच्या बिलात चढला, तेथून वीज केंद्राच्या खर्चात, तेथून विजेच्या दरात. कोळसा खाणींच्या लिलावाविरुद्ध जानेवारी २०१५ मध्ये आणि व्यापारी खाणकामाविरुद्ध जुलै २०२० मध्ये खाणकामगारांचे मोठे संप झाले. उपकर आठपट झाला तेव्हा तसा संप झाल्याचे आमच्या स्मरणात नाही. का व्हावा? तो त्यांना लागतच नव्हता.

मग तो कोणाला लागला? मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागाचे पाहा. माग विजेवर चालतो. वीज महाग झाली की मालकाचा खर्च वाढतो. राज्य सरकार यंत्रमागाला विजेच्या दरात सवलत देते, हे खरे. परंतु ती सवलत मालकाच्या नावाच्या बिलात जमा होते. माग चालवणाऱ्या कामगाराची मजुरी मीटरवर ठरते आणि ती वाढवून मागायला त्याच्या पाठीशी कोळसा खाणीसारखी युनियन नाही. म्हणजे केंद्राने एका हाताने कर घेतला, राज्याने दुसऱ्या हाताने सवलत दिली, आणि दोन्ही हात ज्याच्या डोक्यावरून गेले तो बारा तास मागापुढे उभाच राहिला.

आणि खुद्द खाणीत? तेथे गोष्ट अधिक गंभीर आहे. १९९०च्या दशकात कोल इंडियात सहा लाखांहून अधिक कामगार होते. २०२४ साली ते सव्वादोन लाखांच्या आसपास उरले. उत्पादन मात्र कितीतरी पटींनी वाढून २०२४-२५ साली ७८ कोटी टनांवर गेले. हे लाखो रोजगार पर्यावरण कराने गेले काय? नाही. खुल्या खाणींनी, अजस्र यंत्रांनी आणि कंत्राटी पद्धतीने गेले. पर्यावरणवाद्यांमुळे कामगार रस्त्यावर येणार, असे भाषण कोणी करू लागले की आम्हाला हे आकडे आठवतात. कायम कामगार निवृत्त झाला की त्याची जागा भरली जात नाही; त्याचे काम कंत्राटदाराचा माणूस करतो. १९७५ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून कोळसा काढणे, भरणे-उतरवणे, वरची माती हटवणे अशा कामांत कंत्राटी कामगार ठेवण्यास मनाई केली होती. आज माती हटवणारी बहुतेक यंत्रे कोणाची आहेत, ते कोणत्याही खुल्या खाणीच्या काठावर उभे राहून पाहावे.

युनियनने यात काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कंत्राटी कामगारांना सर्वसाधारण किमान वेतनापेक्षा जास्त दर मिळावा असा निर्णय २०१३ पासून कोल इंडियात लागू झाला, तो संघटनांच्या रेट्यामुळेच. कागदावरचा दर हातात पडतो की नाही, हा वेगळा विषय. पण संघटनेचा जीव सभासदाच्या वर्गणीत असतो आणि करारावर सही होते ती सभासदांसाठी. एका जुन्या कार्यकर्त्याने आम्हाला सरळ सांगितले, "गुरुजी, जो आमच्यात नाही त्याच्यासाठी आम्ही किती भांडायचे?"

या प्रश्नाला 'शेवटपर्यंत' असे उत्तर देऊन टाळ्या मिळवणे सोपे आहे. तो माणूस खोटे बोलत नव्हता. आम्हा शिक्षकांच्याही संघटना आहेत. महाराष्ट्रात नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे 'शिक्षणसेवक' म्हणून मानधनावर काढावी लागतात. आमच्या पिढीने ती महिना सहा हजार रुपयांत काढली. त्याच शाळेत, तोच अभ्यासक्रम, तीच मुले. शेजारच्या वर्गातील सहकारी आयोगाचा पगार घेत असतो आणि तो मनाने वाईट नसतो. चहाचे पैसे तोच देतो. पण त्याच्या संघटनेच्या मागणीपत्रात आपला क्रमांक कितवा असतो, हे आपल्याला बरोबर कळते. तेव्हा कायम आणि कंत्राटी यांच्यामधली भिंत खाणीतच आहे असे नाही.

तरीही आम्हाला वाटते की युनियनची जबाबदारी तिच्या सभासद यादीपुरती असू शकत नाही. युनियनचे बळ केवळ वर्गणीतून येत नाही. ते कायद्यातून येते, राष्ट्रीयीकरणातून येते, आणि खाण बंद पडली तर सगळ्या देशाचे दिवे जातात या वस्तुस्थितीतून येते. जे बळ सगळ्यांच्या गरजेतून उभे राहिले ते थोड्यांच्याच कामी यावे, हे न्यायाला धरून नाही. आणि धुराच्या बाबतीत तर 'आमचा' आणि 'तुमचा' हा भेद टिकतच नाही. कायम कामगार, कंत्राटी कामगार, त्या दोघांची मुले, आम्ही गुरुजी, सगळे एकाच हवेत श्वास घेतो. खाणकामगाराच्या पोटाची काळजी करणाऱ्यांनी त्याच्या छातीचीही करायला हवी.

हे दोन्ही एकत्र पाहणारा एक माणूस अमेरिकेत होऊन गेला. टोनी माझोकी त्याचे नाव. तेल, रसायन व अणुउद्योगातील कामगारांच्या युनियनचा तो पुढारी. १९७३ साली त्याच्या युनियनने शेल कंपनीत वेतनासाठी नव्हे तर कामावरील आरोग्य व सुरक्षिततेच्या हक्कासाठी संप केला आणि पर्यावरण संस्थांनी त्याला पाठिंबा दिला. पुढे १९८० साली अमेरिकेने विषारी कचऱ्याने नासलेल्या जागा साफ करण्यासाठी 'सुपरफंड' कायदा केला व त्यासाठी तेल आणि रसायन उद्योगांवर कर बसवला. माझोकीने प्रश्न केला, नासलेल्या मातीसाठी निधी असू शकतो तर ज्याचे काम आपण बंद करणार त्या माणसासाठी का नको? तो दुसऱ्या महायुद्धात सैनिक होता. युद्धावरून परतलेल्यांना सरकारने शिक्षणासाठी पैसा दिला, तसाच विषारी उद्योगातून बाहेर पडणाऱ्या कामगारालाही पूर्ण पगार आणि शिक्षणाचा खर्च द्यावा, अशी त्याची मागणी होती. २००२ साली तो वारला. मागणी पूर्ण झाली नाही. पण 'न्याय्य संक्रमण' हा जो शब्द २०१५ च्या पॅरिस करारात आला, त्याचे बीज या मागणीत आहे.

जर्मनीने वेगळा रस्ता धरला. १९५७ च्या सुमारास पश्चिम जर्मनीत दगडी कोळशाच्या खाणींत सहा लाख माणसे काम करत होती. २१ डिसेंबर २०१८ रोजी बोट्रोप येथील शेवटची खाण बंद झाली. या साठ वर्षांत सरकार, कंपनी आणि युनियन यांनी मिळून कोणाला एका खाणीतून दुसरीत हलवले, कोणाला लवकर निवृत्त केले, कोणाला दुसरा धंदा शिकवला. युनियन मजबूत होती म्हणून हे शक्य झाले, यात शंका नाही. परंतु याची किंमतही पाहावी. १९७५ पासून वीस वर्षे प्रत्येक जर्मन ग्राहकाच्या विजेच्या बिलात 'कोळसा पैसा' नावाचा अधिभार असे. १९९४ साली त्यांच्या घटना न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. देशाच्या सर्वसाधारण हिताचा खर्च फक्त वीज वापरणाऱ्यांवर कसा टाकता, असे न्यायालयाचे म्हणणे होते. शिवाय तो कर धुरावर नव्हता, धुरासाठी होता. कामगाराला सांभाळण्यासाठी कोळसा सांभाळला गेला. माणसाला अनुदान द्यायचे की त्याच्या खाणीला, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि युनियनला पुष्कळदा दुसरी अधिक सोयीची वाटते. कारण खाण असेपर्यंतच युनियन असते. आणखी एक. १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून गेलेले हजारो कामगार त्याच खाणींत उतरले होते. १९८३ साली जर्मन सरकारने कायदा करून परदेशी कामगारांना मायदेशी परतण्यासाठी १०,५०० मार्क देऊ केले. तेव्हा सांभाळून घेण्यातही आपले आणि परके होतेच.

आपल्याकडे उद्योग बंद करून हवा साफ करण्याचे मोठे उदाहरण दिल्लीचे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने १६८ घातक कारखाने शहरातून हलवण्याचा आदेश दिला. ज्या कामगारांचे काम जाईल त्यांना सहा वर्षांचा पगार भरपाई म्हणून द्यावा असेही ठरले. उदार आदेश होता. परंतु पगार त्यालाच, ज्याचे नाव मस्टरवर. पुष्कळांचे नाव मस्टरवर नव्हतेच. वर्षानुवर्षे काम केले, पण कागदावर ते त्या कारखान्यात कधी गेलेच नव्हते.

आता आपल्या उपकराच्या पैशाचे काय झाले ते पाहू. २०१०-११ पासून २०१७-१८ पर्यंत सुमारे ८६,४४० कोटी रुपये गोळा झाले, असे सरकारनेच सांगितले आहे. त्यातले सुमारे २९,६४५ कोटी स्वच्छ ऊर्जा निधीत गेले आणि प्रत्यक्ष प्रकल्पांना मिळाले १५,९११ कोटी. सूर्याच्या वाट्याला आले ते एवढे. यातला एखादा वाटा खाणकामगाराच्या पुढच्या आयुष्यासाठी बाजूला ठेवावा, असे त्या योजनेत मुळातच नव्हते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हा उपकर रद्द झाला. टनाला तेच ४०० रुपये 'भरपाई उपकर' या नावाने चालू राहिले. भरपाई कोणाची? धुराने छाती भरलेल्यांची नव्हे. जीएसटीमुळे राज्य सरकारांचे जे उत्पन्न बुडाले त्याची. २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. टनामागे ठरावीक रक्कम गेली, किमतीवर टक्केवारी आली. याचा परिणाम असा की स्वस्त, हलक्या प्रतीच्या, जास्त राखेच्या कोळशावरील बोजा सर्वांत अधिक हलका झाला. पर्यावरणाच्या नावाने सुरू झालेला कर पर्यावरणाचा उल्लेखही न होता संपला आणि त्यावर कोणी दोन अश्रू ढाळले नाहीत. युनियननेही नाही.

आमचे म्हणणे एवढेच की धुराच्या नावाने घेतलेला पैसा ही सरकारची कमाई नव्हे, ती अमानत आहे. आणि अमानतीवर पहिला हक ज्याच्या अंगावर बोजा पडला त्याचा. सौर पॅनेल राजस्थानच्या वाळवंटात लागतील, ते लागलेच पाहिजेत. पण घुग्घुस किंवा वणीचा माणूस त्या पॅनेलची धूळ पुसायला जोधपूरला जाणार नाही. पैसा त्याच्या जिल्ह्यात यायला हवा. याची सोय अगदीच नाही असे नाही. २०१५ च्या कायदा दुरुस्तीने प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करायचे ठरले आणि स्वामित्वधनाचा काही हिस्सा, जुन्या पट्ट्यांना ३० टक्के, त्यात जमा होऊ लागला. त्यातून रस्ते होतात, इमारती होतात, कधी आमच्यासारख्या शाळांच्या पदरातही काही पडते. कोळशावर पुन्हा धुराचा कर बसवायचा असेल, आणि आमच्या मते बसवायला हवा, तर त्याचा ठरावीक वाटा याच मार्गाने खाली यावा आणि तो इमारतीच्या नव्हे तर माणसाच्या नावावर जमा व्हावा. खाण बंद होईल त्या दिवशी त्याला तो मिळावा; काम शिकायला, दुकान टाकायला, मुलीच्या शिक्षणाला.

मात्र नावावर जमा करायचे तर आधी नाव हवे. येथे दिल्लीचा धडा पुन्हा समोर येतो. कोळसा कामगारांसाठी १९४८ च्या कायद्याने स्वतंत्र भविष्यनिर्वाह निधी आहे. कंत्राटी कामगाराचा त्यात एकच कायमचा क्रमांक असेल आणि कंत्राटदार बदलला तरी तो बदलणार नाही, एवढे झाले तरी त्याची वर्षे मोजली जातील. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवा कर लागत नाही. पुढच्या वेतन कराराच्या वेळी टेबलाच्या या बाजूला बसणाऱ्यांनी आपल्या मागणीपत्रात ही एक मागणी वरच्या चार-पाचांत घालावी लागेल. अकराव्या कराराची मुदत १ जुलै २०२१ पासून पाच वर्षांची आहे. बाराव्याची बोलणी त्यानंतरची.